मगदूम अण्णांचा राखाडी रकाना

भुतं पांढरी असतात असं सांगणाऱ्यानं भूत बघितलेलंच नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. भूत राखाडी असतं. चौकोनी असतं. त्याच्यावर कितीही टिचक्या मारा, की-बोर्ड आपटा, जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणा, ते एक अक्षर आत घेत नाही. कॉम्प्युटरवर फॉर्म भरताना असा एखादा रकाना लागतो बघा, दिसतो पण लिहू देत नाही. तो लागला की माझ्या मानेवरचे केस आजही सावधान स्थितीत उभे राहतात. पलीकडचा पोरगा सांगतो, "काका, तिथं तुम्हाला अधिकार नाही." मी म्हणतो, बाबा रे, ज्यानं हे अधिकार वाटायचा धंदा कोल्हापुरात आणला, त्याच्या ताटाशेजारी बसून मी जेवलोय.

त्यांचं नाव मगदूम अण्णा. उंची एवढी, की राजारामपुरीत तारा जोडायला आलेले वायरमन शिडी विसरले तर अण्णांना हाक मारायचे. आवाज मात्र मुंगीला अंगाई म्हणावी तसा. घराणं सीमेकडचं, लिंगायत, व्यापारातलं. घरात निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी आणि भांडण दोन्हीत. नव्वदच्या दशकात अण्णांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अर्ध्या कोल्हापूरला त्यांनी टायपिंग शिकवलं, उरलेलं अर्धं नापास झालं. मग टाइपरायटर भंगारात गेले, तिथं कॉम्प्युटर आले, आणि अण्णा पुस्तकं वाचून वाचून प्रोग्रॅम लिहायला लागले.

त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या बरोबर खाली शिंदेमामांचं विवाह मंडळ होतं. मी तिथं चिकटलेलो. काम म्हणाल तर फोटो लावायचे, पाहुण्यांना चहा सांगायचा आणि "मुलगा एकदम निर्व्यसनी" हे वाक्य हसू न येता म्हणायचं. तिसरं काम सगळ्यात अवघड.

अण्णांची एक खोड होती. ते दार वाजवायचे. उघडं असलं तरी वाजवायचे, "येऊ का?" विचारायचे आणि हो येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. स्वतःच्या इन्स्टिट्यूटचं दारही वाजवायचे. सकाळी कुलूप काढायचे, आत चिटपाखरू नाही हे ठाऊक असायचं, तरी टकटक. मी एकदा विचारलं, "अण्णा, आत कोण हाय?" तर म्हणाले, "कुणी असलं तर?"

मी हसलो. तेव्हा हसू यायचं.

दोन हजार साल उलटलं आणि मामांच्या डोक्यात वेबसाइट शिरली. पुण्याच्या मंडळांची आहे, आपली का नको? अण्णांना काम दिलं. त्या काळातलं नेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून बोकड ओढून आणल्यासारखा आवाज करायचं, आणि एक पान उघडेपर्यंत माणूस जेवून, पान खाऊन, कोपऱ्यावर जाऊन थुंकून परत यायचा. पण मामा खूश. आणि अण्णांनी काम सुरू करण्याआधी मामांना समोर बसवून विचारलं, "मामा, एकेका रकान्याला तीन गोष्टी सांगा. कुणाला दिसंल? कुणाला लिवता यील? आणि कुणाला तो रकाना असल्याचंबी कळायचं न्हाई?"

मामा म्हणाले, "सगळ्यांना सगळं दिसू दे की. लग्न हाय, काय चोरी हाय?"

"मामा, तुमच्या घरच्या कपाटाची चावी सगळ्यांकडं असती?"

"बायकोकडं असती."

"मग झालं तर."

हे तीन प्रश्न अण्णांच्या अंगात एवढे मुरले की मटणाच्या पंगतीला आम्हीच त्यांना चिडवायचो. ते स्वतः शाकाहारी, शेजारी भात-आमटी घेऊन बसलेले. मी म्हणायचो, "अण्णा, तांबडा रस्सा तुम्हाला दिसतोय, पण लिवायचा अधिकार न्हाई." अण्णा गालात हसायचे. "वास यायलाय की. वासबी बंद करायला पायजे होता."

साइटवर चार जातीची माणसं शिरणार होती: मुलीचे वडील, मुलगी, स्थळाकडची मंडळी आणि आमचं ऑफिस. प्रत्येकाला शिरायचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. वडिलांच्या नावानं शिरलं की शिक्षण, पत्ता, जमीन, मामाकुळ सगळं पांढरं, लिहा हवं तेवढं. फक्त शेवटचा एक रकाना राखाडी, ना लिहिता येत ना आतलं वाचता येत. त्याचं नाव 'अपेक्षा'. तो पांढरा व्हायचा फक्त मुलीच्या नावानं शिरल्यावर. आणि तो भरल्याशिवाय स्थळ पुढं सरकायचं नाही.

पहिल्या आठवड्यात काय काय बघितलं म्हणून सांगू! एका पाहुण्यानं त्या रकान्यावर माउस एवढा दाबला, की खालच्या टेबलाला खड्डा पडला. तो खड्डा मी पुढं पेन ठेवायला वापरत होतो. दुसऱ्यानं पडदा ओल्या फडक्यानं पुसून बघितला. तिसरा हात जोडून म्हणाला, "पावणं, तेवढा एक उघडा, तुमाला गुळाची ढेप देतो." शेवटी मीच अण्णांना सुचवलं, "वडिलांच्या पानावर तो रकाना दाखवूच नका. दिसला न्हाई म्हंजी भांडण मिटलं."

अण्णा म्हणाले, "पडदा लावला म्हंजी दार लागत न्हाई, देसाई. आनि दार लावलंय तर ते दिसू दे की. बापाला कळू दे, हितं एक जागा हाय आनि ती माझी न्हवं."

हे म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते. छताकडं बघत होते.

छताची गोष्ट सांगायला हवी, ऑफिसच्या नव्हे, अण्णांच्या घरच्या. अण्णांच्या घराला माडी होती, आणि माडीवर भूत आहे हे आमच्या ऑफिसच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. माडीवर पावलं वाजतात. अण्णांचं लग्न झालेलं नाही, घरात दुसरं माणूस कधी दिसत नाही, तरी दोन ताटं वाढली जातात. मी ही गोष्ट आमच्या ऑफिसात सांगताना भुताच्या पायात पैंजण घातले होते, एकदा तर त्याला पाणी मागायला लावलं होतं. सांगणाऱ्याचं थोडं असतंच.

मग एका बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, अण्णांनी मला जेवायला बोलावलं. भर दुपार. मी पाटावर बसलो. अण्णांनी खरंच दोन ताटं वाढली, पुरणपोळी, आमटी, लोणचं, आणि एक ताट घेऊन माडीचा जिना चढले. वर बंद दार. अण्णांनी टकटक केली.

"तंगी, ताट ठेवलंय."

कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. आतनं काही नाही. ताट उंबऱ्याबाहेर ठेवून अण्णा खाली आले. थोड्या वेळानं दाराची कडी वाजली, ताट सरकलं. माझ्या घशात पोळी अडकली ती मी आजतागायत पूर्ण गिळलेली नाही. आणि तेवढ्यात शेजारच्या घरातनं कुणी बाई ओरडली, "सुनंदाक्का, बेंदूर बघाय येताय न्हवं?" आणि आमच्या डोक्यावर एक मोठं, भरघोस हसू फुटलं. "व्हय, आलो आलो! पोळी तरी खाऊ दे की गं!"

आमच्याकडच्या बाया आलो-गेलोच म्हणतात. आवाज असा, की ऐकणाऱ्यालाही हसू यावं. अण्णांनी मान खाली घातली आणि आमटीत पोळी बुडवली.

भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला उतारा असतो. ही जिवंत बाई होती. घराजवळच्या अख्ख्या गल्लीशी बोलत होती, फक्त खाली बसलेल्या भावाशी नाही.

"तंगीला जयसिंगपूरचं स्थळ आलतं," अण्णा आपणहून बोलायला लागले. "तवा कागदाचे फॉर्म. मी टाइप केला. एक चूक न्हाई बघ त्यात, आजबी दाखवंन. शेवटाला अपेक्षांचा रकाना राहिला. ती आत कणीक मळत होती. हाक मारली असती तर ओ दिली असती. मी म्हटलं, हिला काय इचारायचं! आनि लिवलं, मुलीची कसलीही अट नाही."

"मग?"

"अट होती."

वर पाट सरकवल्याचा आवाज आला.

"लगीन झालं, दोन-अडीच वर्सांनी परत आली, माडीवर गेली. मी इचारलं, तंगी, काय अट होती तुझी? तवापासनं रोज इचारतो."

"आणि?"

"अजून सांगितलेली न्हाई."

त्या दिवसापासून मला अण्णांच्या टकटकीचं हसू आलं नाही.

साइट वर्षभर जोरात चालली. मग एका सकाळी अण्णा नवी स्थळं चाळत बसलेले, मी शेजारी फोटो कापत होतो. अचानक ते असे ताठ झाले की खुर्ची मागं पडली. कसबा बावड्याचं स्थळ होतं. राजश्री हिंदुराव चौगुले. तिच्या अपेक्षांच्या रकान्यात, जो लिहायला फक्त तिलाच उघडत होता, लिहिलेलं होतं: मुलीची कसलीही अट नाही.

अण्णांनी दुसरं स्थळ उघडलं. तिथंही तेच. तिसरं उघडलं. पुढं कुठं "मुलगी सांगाल तिथं द्यायला तयार", कुठं "आमचा शब्द तोच मुलीचा". पोरींच्या खोलीत शिरून बाप बसलेले. अण्णांचा चेहरा त्या रकान्याच्या रंगाचा झाला.

चूक कुठं झाली, ती सांगतो, कारण ती फक्त आम्हीच करू जाणे. पासवर्ड आम्ही पाकिटात घालून द्यायचो. पाकिटावर ठळक अक्षरात 'कुमारी' अमुकतमुक. आणि ते पाकीट कुमारीच्या वडिलांच्या हातात, पेढ्यासकट. आमच्याकडं कुमारीच्या नावाचं पाकीट कुमारी फोडत नाही. ते आधी देवापुढं ठेवतात, मग वडिलांच्या खिशात जातं. यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. सर्व्हर विचारायचा, तू कोण? बाप म्हणायचा, मी राजश्री. सर्व्हर म्हणायचा, ये आत.

"मी नावाला अधिकार दिलता," अण्णा म्हणाले. "बोटं कुणाची, ते मशीनला कुठं कळतंय?"

अण्णांनी राजश्रीचं स्थळ तिथंच थोपवलं. तिची बोलणी दोनच दिवसांवर होती. दुपारी बुलेटचा आवाज आला आणि बुलेटपेक्षा मोठ्यानं हिंदुराव चौगुले आले. ऊस, मिशा आणि आवाज, तिन्ही तालुक्यात एक नंबर. ते कुजबुजले तरी बावड्याच्या कारखान्याचा भोंगा वाजला असं समजून कामगार जेवायला सुटायचे.

"पोरगी माझी, फी माझी, आनि लिवायचं कुणी हे तू ठरवणार व्हय रं मगदूम?"

अण्णा म्हणाले, "तुमच्या रकान्यात तुमी लिवा की. जमीन लिवा, विहीर लिवा, बुलेट लिवा. एवढा एक तिचा हाय."

"तिला काय कळतंय?"

"मग तेच लिवू दे. मला काय कळत न्हाई असं लिवू दे. पर तिनं. तिला हितं घेऊन या, आत एकटी बसंल, तुमी भाईर."

"आनि न्हाई आणली तर?"

"तर स्थळ हितंच ऱ्हाईल."

मामांनी मला डोळ्यांनी खुणावलं, की चहा सांग. मी चहा सांगितला. चहा आला, गार झाला, त्याच्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी चौगुले पोरीला घेऊन आले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची, खांद्याला दप्तर, चेहऱ्यावर असं, की कुठल्या परीक्षेला आणलंय तेच ठाऊक नाही. फोटो काढायच्या खोलीत कॉम्प्युटर लावलेला. अण्णा दाराशी उभे.

"मी काय बी लिवलं तर चालतंय?" पोरीनं विचारलं.

"चालतंय."

"बाबा वाचत्याल?"

"न्हाई."

"तुमी?"

"मलाबी दिसत न्हाई. माझा अधिकार मी काढून टाकलाय."

"मग वाचणार कोण?"

"ज्येच्या घरी तुला जायचंय, ती माणसं."

ती क्षणभर अण्णांकडं बघत राहिली. मग आत गेली आणि आपल्या हातानं दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर. आधी काहीच ऐकू येईना. मग एक कळ वाजली. बराच वेळ शांत. पुन्हा एक. आणि मग असा सपाटा सुरू झाला, की टायपिंगच्या परीक्षेला बसली असती तर अण्णांनी पहिला नंबर दिला असता. चौगुले प्रत्येक कळीला दचकत होते. एवढा मोठा माणूस आकुंचन पावताना मी तेव्हा बघितला.

पोरगी बाहेर आली. "लिवलं. मी जातो, अण्णा."

अण्णांनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते की टेबलपंख्याचं वारं लागलं, ते मला सांगता येणार नाही.

स्थळाकडच्या मंडळींनी रकाना वाचला आणि संध्याकाळीच मामांना फोन केला, "पावणं, ही पोरगी आमाला झेपायची न्हाई." बस्स एवढंच. काय वाचलं, सांगितलं नाही. चौगुल्यांनी गावभर केलं, की मंडळानं पोरीला नादी लावलं. दोन महिन्यांत मंडळातली बाकं रिकामी पडली. मामा वाईट माणूस नव्हे. पण त्यांची चूल त्या बाकांवर पेटायची.

"अण्णा," मामा म्हणाले, "बापानंच फी भरायची आनि बापानंच भाईर बसायचं, हे कितीक दिवस चालंल? उघडा की तो रकाना."

"दुसऱ्याकडनं उघडून घ्या, मामा. माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

अण्णा उठले आणि वर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. वरून टकटक ऐकू आली.

दुसरा माणूस आणला. त्याला काही वेळच लागला नाही. चहा प्यायला, कपाच्या बशीत बिस्कीट बुडवलं, आणि वडिलांच्या पानावरचा तो रकाना पांढरा झाला. बुडवलेलं बिस्कीट मोडायच्या आत. पहिले आले चौगुले. मी पडद्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो, मला अक्षर दिसत नव्हतं, माणूस दिसत होता. चौगुल्यांनी आपल्या नावानं शिरून पोरीनं लिहिलेलं वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. मग हलायचे थांबले. बाहेर रिक्षा वाजत होत्या, पण त्या खोलीत पहिल्यांदाच हिंदुराव चौगुल्यांचा आवाज नव्हता. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता उठून घरी जाणार आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवणार.

"हे पुसायचं कसं, देसाई?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात, की मी दुसऱ्यांदा विचारून घेतलं.

पुसायचं कसं, ते नव्या माणसानं दाखवलं. मग एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, चौगुल्यांनी पुन्हा तेच वाक्य लिहिलं. महिन्याभरात शाहूवाडीकडचं स्थळ जमलं. भाताची शेती, नोकरीही.

लग्न बावड्यात होतं, दुपारचा मुहूर्त. आमच्याकडं लग्नाला कुणाला वेगळं बोलवावं लागत नाही. गल्ली बोलावली की गल्लीतलं सगळं येतं. तरी मंडपात अण्णा दिसले तेव्हा मी हबकलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सगळ्या टोप्यांच्या वर त्यांचं डोकं. अक्षता वाटून झाल्या. सगळी उभी राहिली. अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला, बेंडवाला श्वास भरून घेत होता. आणि ज्या माणसाचा आवाज मी शेजारी बसूनही कधी नीट ऐकला नव्हता, तो मंडपाच्या मधोमध बोलला.

"राजश्री, बाळ, तुझी काय अट हाय?"

बेंडवाल्याचा भरलेला श्वास तसाच राहिला. चौगुल्यांनी मिशीला हात लावला आणि तिथंच ठेवला. नवरा मुलगा अंतरपाटापलीकडं गोंधळून इकडंतिकडं बघत होता. दोन-चार दणकट पाहुणे अण्णांकडं सरकायला लागले.

पोरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या. तिनं बापाकडं बघितलं, मग अण्णांकडं. रडत नव्हती. उलट घरातल्या म्हाताऱ्या माणसानं भलत्या वेळी भलतं विचारावं आणि त्याला सांभाळून घ्यावं, तसा तिचा चेहरा होता.

"अण्णा," ती म्हणाली, "बसा की आता. लोकं खोळंबल्यात."

आणि अण्णा बसले. खुर्ची नव्हती, जिथं होते तिथंच, खाली जाजमावर, गुरुजींनी सांगितल्यावर पोरगं बसतं तसे. वायरमनला शिडी होणारा तो माणूस, पण चारशे उभ्या माणसांत दिसेनासा झाला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी माणसांच्या पायांतून वाट काढत त्यांच्याकडं निघालो. "सावधान" झालं की चहूबाजूंनी अक्षता उडायच्या. त्यातल्या निम्म्या नवरा-नवरीपर्यंत पोचतच नव्हत्या. मधेच पडत होत्या, त्या पांढऱ्या शर्टावर, केसांत, मांडीवर उताण्या ठेवलेल्या दोन हातांत. अण्णा त्या झटकत नव्हते. वर तोंड करून बसले होते, माडीवरनं कुणी काही बोलेल म्हणून ऐकत बसावं तसे.